आधी ट्यूबलाइट बंद करा, मग प्रोजेक्टर बघा

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावातली साठ फ्लॅटची सोसायटी. गणपतीचे दहा दिवस, कोजागिरी, कुणाचा निवृत्तीचा सत्कार, २६ जानेवारी असे वर्षात पाच-सहा कार्यक्रम स्टिल्ट पार्किंगमध्ये होतात. यंदा मुलांच्या नाचांचे व्हिडिओ, मागच्या उत्सवांचं चित्रण आणि सोसायटीच्या दिवंगत संस्थापक अध्यक्षांवर केलेली अर्ध्या तासाची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. वर्गणीतून वीस हजार बाजूला काढलेत. ऑनलाइन नऊ हजारांना ‘१५,००० ल्युमेन, ४के सपोर्ट’ असा छोटा प्रोजेक्टर दिसतो, आणि सोबत १५० इंची पडदा घ्यावा असं तरुण मंडळी म्हणतात. खजिनदारांना प्रोजेक्टर नकोच, टीव्ही हवा. पत्रलेखिका सांस्कृतिक समितीच्या सचिव आहेत. त्या विचारतात, ‘एकदाच खर्च करायचा, तर कोणता प्रोजेक्टर घेऊ? फोनवरून वायरशिवाय चालेल ना? कधीतरी मुलांना सिनेमाही दाखवता येईल.’

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात जागेचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आणि बाकी सगळं पत्र यंत्राबद्दल आहे. मी तुम्हाला पार्किंगकडे परत नेणार आहे, कारण कोणता प्रोजेक्टर चालेल हे तिथले दिवे आणि तिथलं छत ठरवणार आहेत.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रात जिथे काळं असायला हवं, तिथे प्रोजेक्टर काहीच टाकत नाही आणि तेवढा पडदा उघडा राहतो. त्यावर शेजारच्या ट्यूबचा उजेड पडत असेल, तर तुमचा काळा म्हणजे ट्यूबच्या उजेडातला पांढरा पडदा. केस, सावल्या, रात्रीची मिरवणूक, सगळं राखाडी दिसतं ते याचमुळे. म्हणून नुसतं ‘किती ल्युमेन’, म्हणजे यंत्रातून एकूण किती उजेड निघतो, एवढं विचारून भागत नाही. पडद्यावर प्रोजेक्टरचा उजेड किती आणि बाहेरचा किती, हे प्रमाण पाहावं लागतं.

हे मोजता येतं. फोनवर लक्समीटरचं एखादं मोफत ॲप घ्या. संध्याकाळी पार्किंगमधले सगळे दिवे लावा, पडदा जिथे टांगायचा तिथे फोनचा स्क्रीन प्रेक्षकांच्या दिशेला करून धरा आणि लक्सचा आकडा (दर चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात तो) लिहून घ्या. मग पडद्याजवळच्या दोन-तीन ट्यूब बंद करून पुन्हा मोजा. फोनचा सेन्सर काटेकोर नसतो, पण दोन आकड्यांतला फरक नक्की कळतो. समजा पहिल्यांदा ८० लक्स आले आणि ट्यूब बंद केल्यावर ८.

आता १२० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) पडदा धरू. त्याचं क्षेत्रफळ साधारण ४ चौरस मीटर. खरे ३०० ल्युमेन देणारा छोटा प्रोजेक्टर त्यावर सुमारे ७५ लक्स टाकतो. ऑफिसात मीटिंगसाठी वापरतात तो ३३०० ल्युमेनचा एक्सजीए (१०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा) प्रोजेक्टर घेतला, तर त्याचं आतलं चित्र बनवणारं पॅनेल ४:३ आकाराचं असतं. आपले व्हिडिओ १६:९. म्हणजे पॅनेलचा पाऊण भागच कामी येतो आणि उजेडही पाऊणच, साधारण २४७५ ल्युमेन. तरीही पडद्यावर ६२० लक्स पडतात.

ट्यूब चालू ठेवून मोठा प्रोजेक्टर लावलात, तर पांढऱ्या आणि काळ्यातलं प्रमाण जेमतेम ९ ला १. ट्यूब बंद करून छोटा लावलात, तर १० ला १. किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असलेली दोन यंत्रं केवळ तीन ट्यूबच्या बटणांमुळे बरोबरीला येतात. आणि ट्यूब बंद करून मोठा लावला, तर प्रमाण ७५ च्या वर जातं. अशा चित्रात मुलांच्या चेहऱ्यावरची गंमत शेवटच्या रांगेलाही दिसते. माझा ठाम आग्रह आहे की पहिला खर्च इलेक्ट्रिशियनवर करा. पडद्याकडच्या दिव्यांना वेगळं बटण बसवून घ्या. मागच्या बाजूचे एक-दोन दिवे चालू राहू द्या, म्हणजे आज्यांना अंधारात उठताना भीती वाटणार नाही. देखाव्याच्या माळा आणि फोकसही पडद्याकडे तोंड करून नसावेत.

हाच हिशोब वापरून ‘१५,००० ल्युमेन’चीही परीक्षा घेता येते. खोक्यावरचे असे आकडे प्रोजेक्टरच्या आतल्या दिव्याचे असतात, किंवा कशाचेच नसतात. लेन्समधून बाहेर किती उजेड येतो ते ‘एएनएसआय ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ २१११८’ या नावाने लिहिलेलं असतं. हे दोन्ही शब्द कुठेच नसतील, तर तो आकडा वाचूच नका. यंत्र घरी आलं की अंधाऱ्या खोलीत १०० इंचाचं (साधारण ७ फूट ३ इंच रुंद, ४ फूट १ इंच उंच) कोरं पांढरं चित्र पाडा. वर, मध्ये, खाली तीन-तीन अशा नऊ जागी फोन प्रोजेक्टरकडे तोंड करून लक्स मोजा, सरासरी काढा आणि तिला २.७६ ने गुणा. आले तेवढे ल्युमेन. फोनच्या चुकीला वीस-तीस टक्के सूट दिली, तरी १५,००० लिहिलेल्या यंत्रातून दीड-दोनशे बाहेर येत असतील तर ते लपत नाही. ही परीक्षा माल परत करायच्या मुदतीत करा.

‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के फाइल आत घेतली जाईल, एवढंच. चित्र किती ठिपक्यांनी बनतं ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’मध्ये बघा. ते १९२० बाय १०८० असेल तर उत्तम, १२८० बाय ७२० असेल तरी सोसायटीच्या कामाला पुरतं. ८०० बाय ४८० असेल तर फिल्मच्या शेवटची नावं कुणाला वाचता येणार नाहीत. फोकस तपासताना चारही कोपऱ्यांत अक्षरं ठेवून बघा. स्वस्त लेन्समध्ये मधला भाग धारदार आणि कोपरे पुसट असतात, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. आतल्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांचं आकर्षण समजू शकतं, पण बॅटरीवर त्यांचा उजेड सहसा कमी होतो. पार्किंगमध्ये प्लग आहे, तर त्या सोयीला पैसे मोजू नका.

आता १५० इंचाचा हट्ट. स्टिल्टमध्ये तुळईखाली साधारण आठ फूट जागा मिळते. १५० इंची चित्राची उंची ६ फूट १ इंच. म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवरही येत नाही. लोक खुर्च्यांवर बसले की डोकी चार फुटांपर्यंत येतात, आणि चित्राचा खालचा तिसरा हिस्सा पहिल्या रांगेच्या मागे कुणालाच दिसत नाही. नाचात पाय महत्त्वाचे असतात, ते नेमके तिथेच. प्रेक्षक खुर्च्यांवर असतील तर तुमच्या जागेत १०० इंचच बसतो. सतरंज्यांवर बसवलंत तर खालची कड तीन फुटांवर ठेवून १२० इंच बसतो. माझं मत सतरंज्यांच्या बाजूने आहे. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्या खुर्च्या मागे आणि कडेला ठेवा. व्हिडिओसाठी शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत चालते. १२० इंचाची उंची ४ फूट ११ इंच, म्हणजे तीस फूट. टेप घेऊन मोजा, आणि खांब कुणाच्या डोळ्यांआड येतात तेही आत्ताच बघून ठेवा.

पडद्याचं कापड साधं, मॅट पांढरं, गेन (समोरच्या दिशेला उजेड किती परत फेकतो त्याचं माप) १.० ते १.१ असलेलं घ्या. ‘४के पडदा’, ‘३डी पडदा’ या शब्दांना अर्थ नाही. चंदेरी, जास्त गेनचे पडदे समोरच्यांना झगझगीत आणि कडेला बसलेल्यांना अंधारे दिसतात, आणि पार्किंगमध्ये निम्मे लोक कडेलाच असतात. घडी घालून मिळणारे, कडेला दोरी ओवायला भोकं (आयलेट) असलेले कापडी पडदे स्वस्त पडतात. मांडववाल्याला लोखंडी पाइपची चौकट करायला सांगा आणि पडदा चारही बाजूंनी इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी ताणून बांधा. आदल्या रात्री ताणून ठेवला की घड्या बऱ्याच उतरतात. पातळ कापडातून उजेड मागे निघून जातो, म्हणून मागे काळं कापड लावा. कडेने दोन इंचांची काळी पट्टी असेल तर चित्र उठून दिसतं. तिपाई स्टँडचा पडदा बंद खोलीत ठीक, पण पार्किंगमध्ये वाऱ्याची झुळूक आली की तो शिडासारखा फुगतो आणि चित्र हलतं. फ्लेक्सवाल्याकडून कोरा पांढरा फ्लेक्स घ्यायचा मोह होईल. बहुतेक फ्लेक्सला चकाकी असते, त्यामुळे मध्ये उजेडाचा गोळा दिसतो. मॅट मिळाला तरच घ्या.

प्रोजेक्टर ठेवायची जागा थ्रो रेशोवरून कळते. पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो. १२० इंची चित्र ८ फूट ८ इंच रुंद असतं. रेशो १.२ असेल तर साधारण साडेदहा फूट, दीड असेल तर तेरा फूट. म्हणजे यंत्र प्रेक्षकांच्या मधोमध येणार. त्याच्या पुढची जागा मुलांना बसायला द्या, पण उठून उभं राहिलं की सावली पडते हे त्यांना आधी दाखवा. टेबल पडद्याच्या मध्यरेषेवर आणि लेन्स साधारण पडद्याच्या खालच्या कडेइतकी उंच हवी. यंत्र तिरकं ठेवून कीस्टोन या सेटिंगने चौकोन सरळ करता येतो, पण तो सरळ होतो चित्राचे ठिपके आणि उजेड कापून. कीस्टोन शून्यावर ठेवून टेबल सरकवा.

आवाजाबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, आणि अशा कार्यक्रमांत सगळ्यांत जास्त फजिती तिथेच होते. चित्र थोडं फिकं असलं तर लोक चालवून घेतात. संस्थापकांचे शब्द ऐकू आले नाहीत, तर कुजबुज सुरू होते आणि फिल्म हातातून जाते. प्रोजेक्टरमधला स्पीकर दोन ते दहा वॉटचा असतो, शंभर माणसांत तो पोहोचत नाही. उत्सवासाठी साउंडवाला येतोच. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून त्याच्या मिक्सरला वायर जोडा. वायरच्या एका टोकाला ३.५ एमएमची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना हव्यात, साउंडवाले त्यांना पी-३८ म्हणतात. त्या मिक्सरच्या दोन लाइन इनपुटमध्ये लावायच्या. घाईत एकच मोठी स्टिरिओ पिन किंवा माइकची एक्सएलआर वायर जोडली, तर मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांवरच्या आवाजांतला फरकच घेणारं) उजवा आवाज डाव्यातून वजा करतं. बोलणं दोन्ही बाजूंना सारखंच रेकॉर्ड झालेलं असतं, ते नाहीसं होतं आणि मागचं संगीत तेवढं उरतं. असं झालं की लोक फाइल खराब आहे असं समजतात. फाइल चांगली असते, वायर चुकलेली असते.

ब्लूटूथ स्पीकर व्हिडिओला वापरू नका. आवाज सेकंदाचा दहावा ते चौथा भाग मागे पडतो आणि ओठ एक, शब्द दुसरेच असं दिसतं. घूं असा सततचा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घुमघुम थांबली, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, नाहीतर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. अर्थची पिन मोडणं किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणं हा उपाय नाही. ओल्या मांडवात ते जिवावर बेतू शकतं.

वायरशिवाय फोनवरून दाखवण्याबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. शंभर फोन एका जागी आले की वायफाय गुदमरतं, चित्र अडकतं, आणि ऐन वेळी कुणाचा तरी फोन येऊन त्याचं नाव पडद्यावर झळकतं. फोनला एचडीएमआय अडॅप्टर लावू म्हणाल, तर कमी-मध्यम किमतीच्या बहुतेक फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर हा भरवशाचा रस्ता आहे. लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच ठेवा. एचडीएमआय वायर दहा मीटरपलीकडे बिनभरवशाची होते, लांब न्यायची ती ऑडिओची वायर न्या.

व्हिडिओ गोळा करताना लोकांना सांगा की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबला जातो आणि आठ फुटी पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. आणि फोन आडवा धरून काढा. उभा व्हिडिओ आडव्या पडद्याचा तिसऱ्या भागाहून कमी हिस्सा वापरतो. सगळ्या फाइली एमपी४, एच.२६४, १०८०पी अशा एकाच साच्यात आणा, हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. आयफोनच्या बऱ्याच फाइली एचईव्हीसी या वेगळ्या साच्यातल्या असतात आणि प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरला त्या पुष्कळदा कळत नाहीत, आवाज येतो आणि चित्र येत नाही. जोडीला सगळं पेनड्राइव्हवरही ठेवा. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एकच फाइल त्यावर बसत नाही, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपची झोप आणि नोटिफिकेशन बंद करा. प्रत्येक व्हिडिओचा आवाज कमी-जास्त असतो, तो आधी घरी ऐकून सारखा करून घ्या.

सिनेमाबद्दल थोडक्यात. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व म्हणजे सोसायटीत सिनेमा दाखवायची परवानगी नव्हे, त्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो. शिवाय मिररिंग (फोनचा स्क्रीन जसाच्या तसा पडद्यावर) केल्यावर ही ॲप्स पुष्कळदा पडदा काळाच ठेवतात. मुलांनी स्वतः केलेल्या छोट्या फिल्मांचा एक कार्यक्रम ठेवा, त्याला ही अडचण येत नाही.

खजिनदारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळ्या कार्यक्रमांसाठी नाही. २६ जानेवारीचा कार्यक्रम सकाळी भर उजेडात असतो, तिथे तुमच्या बजेटमधला कोणताही प्रोजेक्टर दिसणार नाही. वीस-पंचवीस माणसांच्या दिवसाच्या कार्यक्रमाला ५५ इंची टीव्ही चांगला, आणि तो कुणाच्या तरी घरातून आणता येतो. गणपती आणि कोजागिरी रात्रीची. तिथे शंभर माणसांना टीव्ही पुरत नाही.

आता पैसे. वीस हजारांत नवा ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर येत नाही. खरे ४००-५०० एएनएसआय ल्युमेन देणारा एलईडी प्रोजेक्टर येऊ शकतो, आणि ट्यूब बंद केल्या तर १०० इंचावर तो छान चालतो. तरीही यंदा प्रोजेक्टर विकत घेऊ नका असं मी सुचवीन. पडदा, चौकटीचं सामान, एचडीएमआय आणि ऑडिओच्या वायरी, एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि दिव्यांचं वेगळं बटण एवढं यंदा घ्या. हे पाच-सात हजारांत बसावं, आणि पुढे कोणताही प्रोजेक्टर आला तरी ते उपयोगी पडतं. संस्थापकांच्या फिल्मच्या रात्रीसाठी ३००० ल्युमेनच्या वरचा प्रोजेक्टर भाड्याने आणा. ती रात्र एकदाच येणार आहे, तिथे काटकसर नको. कोजागिरीला लहान यंत्र कुणाकडून तरी आणून बघा. मग तुमच्या जागेला किती उजेड लागतो हे समितीने स्वतः पाहिलेलं असेल, आणि उरलेल्या पैशांत पुढच्या वर्गणीची भर घालून खरेदी करता येईल.

ऑफिसातून किंवा शाळेतून निघालेला जुना प्रोजेक्टर मिळत असेल तर मेनूमध्ये लॅम्पचे तास बघा. अशा लॅम्पचं आयुष्य पुष्कळदा चार ते सहा हजार तास असतं. नव्या मूळ लॅम्पची किंमत आधी विचारा, कधी कधी ती जुन्या यंत्राहून जास्त निघते. कोरं पांढरं चित्र पाडून पिवळे-निळे डाग आहेत का बघा. थ्री-एलसीडी (तीन पॅनेलांनी चित्र बनवणाऱ्या) यंत्रात ते आतला भाग जळाल्याची खूण असतात. डीएलपी (बारीक आरशांनी चित्र बनवणाऱ्या) यंत्रात विखुरलेले पांढरे ठिपके दिसले तर घेऊ नका, ते वाढत जातात.

कार्यक्रम आरतीनंतर ठेवा. भाद्रपदात साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळतो, सव्वासातनंतर पुरेसा अंधार होतो. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. आरतीच्या वेळी प्रोजेक्टर झाकलेला आणि बंद असू द्या, कारण धूप-कापराचा धूर पंख्यातून आत जातो. गुलाल तर त्याच्या आसपासही नको. ती बारीक पूड लेन्समागे आणि पॅनेलवर बसली की रंगीत डाग कायमचा, आणि सर्व्हिस सेंटरचं बिल मोठं. चालू यंत्रावर कापड टाकू नका, हवेच्या जाळ्यांभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा. लॅम्पचं यंत्र असेल तर सोबत छोटा यूपीएस हवा. वीज एकदम गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला लॅम्प थंड होऊ शकत नाही. कार्यक्रम संपल्यावर बटणाने बंद करा, पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका आणि तोवर यंत्र हलवू नका.

आदल्या रात्री त्याच जागी, त्याच वायरींवर सगळी फिल्म एकदा पूर्ण चालवून बघा. एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि शेवटची नावं वाचायला सांगा. भाड्याचं यंत्र त्या रात्रीसाठीही मागून घ्या. बहुतेक जण आदल्या संध्याकाळी न्यायला देतात, फक्त बुकिंग करतानाच तसं ठरवा.